शेजारच्या घरातला चिकानो

टेक्सासमधल्या प्लेनोला आमच्या शेजारच्या घरात एक शब्द उच्चारायला बंदी होती. ती शिवी नव्हती. शिव्या त्या घरात भरपूर चालायच्या, टीव्हीवर फुटबॉल असला की इंग्रजीतून आणि बोटावर हातोडी बसली की स्पॅनिशमधून. हा शब्द वेगळा होता. चिकानो. त्या घरच्या मुलाला तो जीव की प्राण होता आणि बापाला तो कानांनी ऐकवत नव्हता. मुलगा पन्नाशीतला, बाप पंचाहत्तरीच्या आसपास. या वयात माणसं एका शब्दावरून भांडतात हे मला सुरुवातीला खरंच वाटलं नाही.

मी तिथे २००१ मध्ये आले. नवऱ्याला टेलिफोन कंपनीत नोकरी होती आणि मला डिपेंडंट व्हिसा. म्हणजे काम करायचं नाही, गाडी येत नाही म्हणून कुठे जायचं नाही, आणि पायी जावं तर फूटपाथच नाही. नागपूरला मी कॉलेजात शिकवत होते, इथे मी खिडकीतून स्प्रिंकलर बघत बसायची. नवरा पुण्याचा. तो म्हणायचा, "अगं, एन्जॉय कर ना, एवढा निवांतपणा कोणाला मिळतो?" त्याला तेव्हा काय काय उत्तरं दिली ते इथे सांगण्यासारखं नाही.

एका वादळात दोन्ही घरांमधल्या लाकडी कुंपणाच्या फळ्या पडल्या आणि त्या भगदाडातून आमची ओळख झाली. तोंडात खिळे धरून एक म्हातारा माणूस फळी ठोकत होता. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. फळी ठोकायला इस्त्रीचा शर्ट कोण घालतं? मी आल्याचा चहा नेऊन दिला. त्यांनी तो संशयाने हुंगला, प्यायला आणि आणखी मागितला. सर म्हणायला माझी जीभ वळेना, म्हणून मी त्यांना काका म्हणायला लागले. अर्थ सांगितल्यावर ते खूश झाले आणि मला 'मिहा' म्हणायला लागले, म्हणजे पोरी. त्यांच्या बायको अर्थातच काकू. काकूंनी एक फळी कायमची सैल ठेवायला लावली, म्हणजे मला रस्त्यावरून वळसा घालावा लागू नये.

काका टेक्सासमध्येच जन्मले होते, त्यांचे वडीलही. सैन्यात होते, कोरियाला जाऊन आले होते, मग जन्मभर रेल्वेच्या यार्डात नोकरी. गोऱ्या माणसांशी बोलताना ते स्वतःला अमेरिकन म्हणायचे आणि घरात, स्पॅनिशमधून, मेक्सिकानो. यात त्यांना काही विसंगत वाटत नव्हतं आणि मलाही वाटलं नाही. मी तरी ऑफिसच्या पार्टीत इंडियन, मंडळाच्या गणपतीत मराठी आणि नवऱ्याशी भांडताना नागपूरची होतेच.

मुलगा एकुलता एक. डॅलसच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायचा. लग्न केलं नव्हतं. दर रविवारी आईबापाकडे जेवायला यायचा आणि जेवून झालं की ड्राइव्हवेवर गाडीला टेकून उभा राहायचा. मी कचऱ्याचा डबा आत घ्यायला गेले की गप्पा व्हायच्या. मास्तरकीचा किडा दोघांनाही होता. एकदा त्याच्या गाडीच्या मागच्या काचेवर तो शब्द चिकटवलेला दिसला आणि मी अर्थ विचारला. झालं, तासभर वर्ग.

मेक्सिकोत फार पूर्वी राहणारे लोक स्वतःला मेशिका म्हणायचे. त्यावरून मेशिकानो झालं, पुढचा 'मे' झिजला आणि शिकानो, चिकानो उरलं. असं बरेच लोक मानतात, तो म्हणाला, पण पैजेवर कोणी सांगू शकत नाही. आणखी दोन-चार उपपत्ती आहेत. "आमच्या विद्यार्थ्यांना मूळ फार आवडतं. राजे, देवळं, पिरॅमिड. मला आवडतं ते पुढचं."

पुढचं म्हणजे हे, की टेक्सासमधल्या जुन्या, स्थिरावलेल्या मेक्सिकन घरांमध्ये हा शब्द नवीन आलेल्या, फाटक्या, शेतात राबणाऱ्या माणसांसाठी वापरत. गोरे नव्हे, आपलेच लोक आपल्याच लोकांना. मग साठ-सत्तरच्या दशकात शेतमजुरांचे संप झाले, पोरं निषेध म्हणून शाळांतून बाहेर पडली, आणि ज्या शब्दाने हिणवत होते तोच त्या पोरांनी छातीवर लावला. आम्ही अर्धे अमेरिकन नाही, अर्धे मेक्सिकन नाही, आम्ही पूर्ण काहीतरी आहोत आणि त्याला हे नाव आहे. हे सांगताना तो माणूस वीस वर्षांचा दिसायला लागला.

मला हे समजायला फार वेळ लागला नाही. मी नागपूरची आहे. कॉलेजात माझ्याबरोबर शिकणारा एक मुलगा स्वतःला दलित कवी म्हणायचा, तेही ठासून. त्याचे वडील, पोस्टातले सज्जन गृहस्थ, कळवळून म्हणायचे, "आपण बौद्ध झालो ना, मग ते कशाला पुन्हा गळ्यात बांधतोस?" तेव्हा माझं वय एकवीस होतं आणि मला मुलाचं बरोबर वाटलं होतं. प्लेनोला माझं मत अधूनमधून डळमळायचं, कारण इथला बाप मला आल्याच्या चहावर रोज भेटत होता.

भांडण कधी झालं ते मुलानेच सांगितलं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी थँक्सगिव्हिंगला तो घरी आला तेव्हा जॅकेटवर चिकानो लिहिलेला बिल्ला होता. बाप म्हणाला, काढ. तो म्हणाला, नाही काढणार. बापाने दार उघडून धरलं आणि तो तसाच, न जेवता बाहेर गेला. पुढची काही वर्षं बोलणंच नव्हतं. मग आईच्या आजारपणात येणंजाणं सुरू झालं, रविवार सुरू झाले, पण अट राहिली, तो शब्द उंबरठ्याच्या आत आणायचा नाही. "म्हणून मी इथे उभा असतो," तो ड्राइव्हवेकडे बोट दाखवून म्हणाला. "तुम्हाला सांगतो, मी तीस वर्षं वाट बघतोय. त्यांना अभिमान नाही वाटला तरी चालेल. फक्त एकदा विचारावं, की का रे बाबा तुला हे लागतं?"

मी हे नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "यार, तू त्यांच्या फॅमिली मॅटरमध्ये इन्व्हॉल्व्ह होऊ नकोस हं." मी काय इन्व्हॉल्व्ह होणार? मी डबा आत घेत होते.

बापाची बाजू मला कळली ती काकूंकडून. नाताळच्या आधी त्या तमाले करायच्या. मक्याच्या कणसाची वाळलेली पानं भिजवायची, त्यावर मक्याचं पीठ थापायचं, सारण भरून गुंडाळायचं आणि उकडायचं. एकटीदुकटीने करायचं काम नव्हे ते, दिवाळीच्या करंज्यांसारखं चार हात लागतात. माझ्यासाठी त्या डुकराच्या चरबीऐवजी तेल घालून मिरच्या-चीजचे वेगळे करत आणि पानाला दोरीची गाठ मारत, चुकून अदलाबदल नको म्हणून. त्या वर्षी आम्ही दोघीच होतो. काका गॅरेजमध्ये होते. मी सहज म्हटलं, काकांना त्या शब्दाचा एवढा राग का?

काकूंनी आधी गॅरेजकडचं दार लावून घेतलं. मग सांगितलं. त्या मोठ्या घरच्या. जमीन, गुरं, टेक्सास हे टेक्सास व्हायच्या आधीपासून तिथे असलेलं घराणं. काका कापूस वेचणाऱ्यांतले. मागणी घालायला ते इस्त्रीचा शर्ट घालून आले तेव्हा काकूंच्या वडिलांनी त्यांना व्हरांड्याच्या पायरीवरच थांबवलं आणि घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, माझी मुलगी मी चिकानोला देणार नाही. लग्न झालं, पण बापाशिवाय. काकू पुन्हा त्या व्हरांड्यावर गेल्या त्या वडील वारल्यावर.

"मुलाला माहीत आहे?" मी विचारलं.

"नाही. मला शपथ घातलीय. म्हणतात, मुलाने मला त्या पायरीवर उभं असलेलं बघायला नको."

मी हातातलं पीठ तसंच धरून बसले. म्हणजे बाप ज्या शब्दाने हाकलला गेला तो शब्द मुलगा मिरवत घरी घेऊन आला, आणि का नको हे बाप जन्मात सांगणार नाही. सांगितलं असतं तर एका संध्याकाळीत मिटलं असतं. तो मुलगा इतिहासाचा माणूस होता, त्याने बापाच्या पायाशी बसून ऐकलं असतं. मी काकूंना म्हटलं, शपथ मोडा. त्या म्हणाल्या, "पन्नास वर्षं त्यांनी माझं सगळं ऐकलं. ही एकच गोष्ट मागितली त्यांनी." माझ्या मनात आलं, आपणच सांगावं. पण ते सांगणं माझं नव्हतं, आणि त्या घरी मी कितीही फळीतून गेले तरी शेजारीणच होते.

२००६ च्या वसंतात डॅलसला स्थलांतरितांचा प्रचंड मोर्चा निघाला. त्याच्या आधीच्या रविवारी मुलगा पहिल्यांदाच जेवणाच्या टेबलावर या विषयाचं बोलला. मी तिथे होते, मी श्रीखंड घेऊन गेले होते. तो म्हणाला, "बाबा, माझ्याबरोबर चला. काही बोलू नका, नुसतं चाला." शब्द उच्चारला नाही त्याने, अट पाळली. काका म्हणाले, "मी इथे जन्मलोय. मी कशाला मोर्चा काढू?" मुलाने मान हलवली आणि श्रीखंड आणखी घेतलं. मोर्च्याच्या दिवशी सकाळी काका पांढरा शर्ट घालून तयार होऊन अंगणात येरझारा घालत होते. मी फळीतून बघितलं. म्हटलं, काका, निघालात? ते म्हणाले, गवत कापायचंय. गवत दोन दिवसांपूर्वीच कापलं होतं.

ऑक्टोबरमध्ये मुलगा गेला. वर्गात शिकवता शिकवता खाली बसला, विद्यार्थ्यांना वाटलं काही शोधतोय. हृदय. काकूंचा आवाज मी कुंपणापलीकडून ऐकला आणि फळी ढकलून धावले. तो आवाज मला आजही नको वाटतो.

चर्चमध्ये त्याचे विद्यार्थी इतके आले की भिंतीला लागून उभे होते. एक मुलगी बोलायला उठली आणि रडत म्हणाली की सरांनी आम्हाला चिकानो असणं म्हणजे काय ते शिकवलं. पहिल्या बाकावर काका होते. मला वाटलं ते उठून जातील. त्यांनी मान वर केली आणि त्या मुलीकडे बघत राहिले, ती बसली तरी बघतच राहिले.

पुढे नऊ संध्याकाळी त्यांच्या घरी जपमाळेची प्रार्थना होती. बायका एका सुरात म्हणत, मी मागे बसून त्या लयीत डुलायची. ते संपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काका फळीतून आमच्याकडे आले. इतक्या वर्षांत ते स्वतः कधी आले नव्हते. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "पोरी, आमचं सगळं संपलं. पाद्री म्हणतो आता शांती. मला काही शांती नाही. तुमच्यात काय करतात?"

मी त्यांना खरं ते सांगितलं. माझे वडील गेले तेव्हा व्हिसाच्या भानगडीत मला नागपूरला जाता आलं नव्हतं. दहाव्याला भावाने घाटावर भाताचा पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. गेलेल्याची काही इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, म्हणून लोक हात जोडून एकेक वचन देतात. आईला सांभाळू, घर विकणार नाही. कावळे फांदीवरून हलेनात. शेवटी भाऊ ओरडला, "बाबा, ताईला मी एकटं पडू देणार नाही," आणि कावळा आला. भावाने हे फोनवर सांगितलं तेव्हा मी प्लेनोच्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडले होते. विश्वास आहे की नाही हे मला कोणी विचारू नये. त्या दिवशी होता.

काका ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे त्याला काय हवं होतं ते आपण बोलायचं. आणि बोललं की तो येतो."

"हो."

"करू या," ते म्हणाले. "पाद्र्याला सांगू नकोस."

मी म्हटलं, काका, पण इथे कावळे कुठे? आमच्याकडची सगळी मराठी मंडळी पितृपक्षात अंगणात पान ठेवतात आणि ते खातात ते लांब शेपटीचे काळे ग्रॅकल पक्षी, पार्किंगमधले. आम्ही सगळे त्यालाच कावळा म्हणून वेळ मारून नेतो. काका म्हणाले, "उराका. माझी आई त्याला उराका म्हणायची. चालेल."

मी कुकर लावला. भातात तीळ घातले, गोळा केला, कागदी ताटलीत ठेवला. नवरा घरून काम करत होता, तो दारात येऊन म्हणाला, "अगं, त्यांचा रिलिजन वेगळा आहे, हे असं..." आणि काकांकडे बघून परत आत गेला. काका मध्ये घरी जाऊन आले होते. धुतलेला, इस्त्रीचा शर्ट, वरचं बटण लावलेलं, केस ओले करून बसवलेले. मागणी घालायला निघालेल्या माणसासारखे दिसत होते. ओठ हलत होते त्यांचे. पाठ करत होते.

आम्ही त्यांच्या मागच्या अंगणात गेलो. काकू दारात उभ्या राहिल्या. मला ठाऊक होतं काका काय बोलणार ते. व्हरांडा, पायरी, सासऱ्याचा आवाज. मीही तोच आहे रे, तुझ्याआधीचा. मला आतून भरून आलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटत होतं, की उशिरा का होईना, होतंय.

मी ताटली कुंपणाजवळच्या दगडावर ठेवली. मागे सरून हात जोडायचे, एवढंच करायचं होतं. मी वळलेही नव्हते. फडफड झाली, एक ग्रॅकल उतरला आणि त्याने गोळ्यात चोच घातली.

मला आनंद झाला. वेडीसारखी मी ओरडले, "काका, शिवला! लगेच शिवला!"

"म्हणजे काय?"

"म्हणजे फार चांगलं. म्हणजे त्यांचं काहीच राहिलं नव्हतं."

"काहीच नाही?"

"काहीच नाही, काका."

ते त्या पक्ष्याकडे बघत होते. मग अगदी हळू म्हणाले, "तो वाट बघत नव्हता."

तेव्हा माझ्या लक्षात आलं मी काय बोलले ते. आमच्याकडे हे ऐकून माणसं हुश्श करतात, एकमेकांच्या पाठीवर हात ठेवतात, घरी जाऊन जेवतात. मी घाईघाईने म्हटलं, काका, हा कावळा नाहीये, हे धरायचं नसतं, तुमच्या मुलाने मला स्वतः सांगितलं होतं की तो वाट बघतोय, ड्राइव्हवेवर, कितीदा. ते म्हणाले, "हा कावळा नाही ते मला माहीत आहे, पोरी. मी इथलाच आहे." आणि मग, "भात आहे अजून?"

मी धावत जाऊन उरलेला भात आणला. ठेवला. आणखी दोन उतरले, मग चार. काका पुढे झाले आणि दोन्ही हात हलवून त्यांना हाकलायला लागले. मी जन्मभर घाटावर माणसांना कावळ्याची विनवणी करताना बघितलं होतं, ये बाबा, शीव बाबा. हा म्हातारा बाप त्यांना उडवत होता, की निदान थोडा वेळ तरी कोणी शिवू नये, कोणाचं तरी काहीतरी राहिलेलं असावं. ते उडून कुंपणावर बसत आणि काकांनी तोंड उघडलं की परत खाली येत.

"एस्पेराते, मिहो," काका म्हणत होते. थांब रे पोरा, थांब जरा. एवढंच म्हणत होते, पुन्हा पुन्हा, आणि त्यापुढचं वाक्य काही त्यांना सुरू करता आलं नाही. काकू दारातून येऊन त्यांना धरेपर्यंत ताटलीत काही उरलं नव्हतं.